कामासाठी हलका आणि व्यावसायिक दिसणारा लॅपटॉप कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, भुसावळहून जळगावला रोज रेल्वेने ये-जा करायची आहे, आठवड्यातून दोन-तीन दिवस ग्राहकांकडे जावे लागते, काम टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक्सेल आणि ईमेल यापलीकडे जात नाही, ६० ते ७० हजारांची तयारी आहे, तर हलका आणि व्यावसायिक दिसणारा लॅपटॉप कोणता घ्यावा. शेवटी तुम्ही लिहिले आहे की, मित्रांच्या मते वजनावर आणि दिसण्यावर पैसे घालवणे मूर्खपणाचे आहे, कारण तेवढ्याच पैशात दुप्पट ताकदीचे यंत्र मिळते. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य मी घरी कित्येक वर्षे ऐकत आले आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

मी लेखापरीक्षणाचे काम करते. जळगाव, धरणगाव, अमळनेर, चोपडा या पट्ट्यातील जिनिंग (कापसातून सरकी म्हणजे बी वेगळे करणारे कारखाने), डाळमिल आणि पतसंस्था हे माझे कार्यक्षेत्र, आणि एसटी किंवा सुरत पॅसेंजर हे माझे वाहन. २०२१ मध्ये मी पहिला स्वतःचा लॅपटॉप घेतला तो दादाच्या सांगण्यावरून. आमच्या घरात संगणकातले कळते ते दादाला, असा सर्वांचा समज होता आणि माझाही होता. त्याने साडेपंधरा इंची गेमिंग लॅपटॉप निवडला. मी दुकानातच म्हटले की हा जड वाटतो, त्यावर तो म्हणाला, ‘तुला काय सातपुडा चढायचा आहे? आतली ताकद बघ, दिसण्याला कोण विचारतो?’

मार्च २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचे स्टॉक ऑडिट, म्हणजे मालाच्या तारणावर दिलेल्या कर्जासाठी तो माल मोजून तपासण्याचे काम, करण्यासाठी मी धरणगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये गेले होते. आमच्या सरांनी पहिल्यांदाच मला एकटीला पाठवले होते. ऊन ४० अंशांच्या पुढे गेलेले, हंगाम संपत आलेला, तरी रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, चालू होते आणि हवेत कापसाचा तूस तरंगत होता. मी आधी शेडमध्ये जाऊन गाठी मोजल्या. एका गाठीत साधारण १७० किलो रुई (सरकी काढलेला कापूस) असते, त्यामुळे गाठींचा हिशेब सरळ जातो. सुट्या कापसाच्या आणि सरकीच्या ढिगांचा मात्र अंदाज लांबी-रुंदी-उंची घेऊन करावा लागतो आणि तो तिथल्या तिथे मांडलेला बरा, म्हणून मी लॅपटॉप शेडमध्येच एका पालथ्या पाटीवर ठेवून उघडला होता. तासाभराने पंख्याचा आवाज असा वाढला की शेजारी उभ्या असलेल्या मजुराने वाकून पाहिले आणि विचारले, ‘ताई, काय शे हाई?’ एक्सेलमधला कर्सर एका घरातून दुसऱ्या घरात जायला वेळ घेऊ लागला. नंतर दुरुस्तीच्या दुकानात तो उघडला तेव्हा कारण दिसले. पंखा ज्या बारीक पत्र्यांमधून गरम हवा बाहेर फेकतो, त्यांच्या तोंडाशी कापसाची राखाडी वात बसली होती, अगदी समईत घालावी तशी वळलेली. हवा निघाली नाही की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरा असे सांगतात; आपल्याकडे उन्हाळ्यात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. ज्या यंत्राला मुळातच जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते, ते खान्देशात आधी दमते.

बॅटरी सव्वा तासात संपली. मी कार्यालयात आले तेव्हा नेमकी वीज गेलेली होती आणि इन्व्हर्टरवर दोन ट्यूबा, एक पंखा आणि मुनीमजींचा संगणक चालू होता. मी माझा १८० वॅटचा चार्जर लावला. रिकामी बॅटरी भरताना आणि वर काम करताना तो चार्जर किती वीज ओढतो याचा विचार मी केला नव्हता. इन्व्हर्टरने दोन वेळा कर्कश आवाज केला आणि सगळे बंद पडले. मुनीमजींची अर्धवट राहिलेली नोंद गेली. त्यांनी मला एक शब्दही लावला नाही, पण चष्मा काढून टेबलावर ठेवला.

वीज आल्यावर मी जिनिंगचे मालक असलेल्या शेठजींसमोर बसले आणि लॅपटॉप उघडला. कीबोर्डखालचे लाल दिवे लागले, झाकणावरचे चिन्ह उजळले, पंखा पुन्हा घोंगावू लागला. शेठजी सत्तरीचे, अजूनही लक्ष्मीपूजनाला लाल कापडी बांधणीच्या वह्यांची पूजा करणारे. हिशेबाचे साधन त्यांच्या दृष्टीने देवघरातल्या वस्तूइतके गंभीर आहे. त्यांनी थोडा वेळ त्या लाल दिव्यांकडे पाहिले आणि अगदी साध्या सुरात विचारले, ‘ताई, हे मुलांच्या खेळण्याचे आहे का?’ मी काही उत्तर देण्याआधीच त्यांनी फोन उचलून आमच्या सरांना विचारले, ‘तुम्ही स्वतः येणार होतात ना?’ माझ्या गाठींच्या मोजणीत चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी सरांनी येऊन तीच मोजणी पुन्हा केली आणि एकाही गाठीचा फरक निघाला नाही. पण तो दिवस माझ्या हातून गेला तो गेलाच.

निघताना मुनीमजींनी माझी बॅग उचलून दाराशी ठेवली आणि मग, काय वाटले कोण जाणे, ती कापसाचे नमुने तोलण्याच्या काट्यावर ठेवली. पाच किलो दोनशे ग्रॅम. त्यात लॅपटॉप अडीच किलोंच्या वर, चार्जर पाऊण किलो, बाकी कागद, डबा आणि पाणी. तेवढे ओझे मी वर्षभर एका खांद्यावर घेऊन एसटीत उभी राहत होते, आणि डाव्या खांद्याचे दुखणे माझ्या बसण्याच्या सवयीमुळे आहे असे मला घरी सांगितले जात होते.

दादाला हे सर्व सांगितले तेव्हा तो म्हणाला की कापसाच्या ढिगात लॅपटॉप उघडणे ही माझी चूक आणि शेठजींना यंत्रातले काही कळत नाही ही त्यांची. मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. जिथे माझे काम आहे तिथे माझ्या साधनाने चालले पाहिजे. शेठजींना यंत्रातले कळत नसेल, पण आपले हिशेब कुणाच्या हाती द्यायचे हे त्यांना चांगले कळते, आणि तो निर्णय ते डोळ्यांना दिसते त्यावरून घेतात. त्यातही तीस वर्षांची मुलगी एकटी समोर बसलेली असेल तर अधिकच बारकाईने घेतात. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही. पण मी शेठजींची नजर बदलायला निघाले नव्हते, ऑडिट करायला गेले होते. तेव्हा व्यावसायिक दिसणे म्हणजे नटवेपणा, हे तुमच्या मित्रांचे मत सरळ कानामागे टाका. काळे किंवा करडे झाकण, दिवे नाहीत, आवाज नाही, आणि समोरच्याला आकडे दाखवायला पडदा सपाट मागे जातो, एवढेच त्यात अपेक्षित आहे.

२०२३ च्या पाडव्याला मी वापरलेला थिंकपॅड टी१४एस घेतला, २०२० चे मॉडेल. वजन १.३ किलोच्या आसपास, ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर, चकाकी नसलेला १४ इंची पडदा. थिंकपॅड १९९२ मध्ये आयबीएमने काढला आणि २००५ मध्ये तो व्यवसाय लेनोवोकडे गेला, पण काळा चौकोनी साधेपणा तसाच राहिला आहे. बिजागरी १८० अंशांत उघडते, त्यामुळे मी पडदा टेबलावर आडवा करून आकडे समोरच्याला दाखवते. मूळ बॅटरी ५७ वॅट-अवरची. माझ्या कामाला सरासरी आठ वॅट लागतात, म्हणजे नवी असताना सात तास, माझी जुनी बॅटरी साडेपाच-सहा तास देते. त्याच जिनिंगच्या इन्व्हर्टरवर मी तो नंतर दोनदा लावला आहे आणि दोन्ही वेळा ट्यूब लुकलुकलीसुद्धा नाही.

तुमच्यासाठी सांगायचे तर लॅपटॉपचे वजन दीड किलोच्या आत ठेवा आणि चार्जरचे वजन त्यात वेगळे मिळवून पाहा. जाहिरातीत चार्जरचे वजन धरलेले नसते आणि फसवणूक तिथेच होते. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच किंवा एचएक्स असेल तर तो जास्त वीज आणि जास्त उष्णतेचा असतो. टॅली आणि एक्सेलला यू मालिका पुष्कळ झाली. हलक्या यंत्रांत रॅम बहुधा मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. पडद्याची उजळता २५० निट्स असेल तर ओट्यावर किंवा गाडीच्या खिडकीशी काही दिसणार नाही; ४०० च्या जवळपास हवी. नव्यात थिंकपॅडची ई मालिका किंवा एचपीचे प्रोबुक हातात घेऊन पाहा. वापरलेला चालत असेल तर डेल लॅटिट्यूड ७४२० किंवा एचपी एलिटबुक ८४० यांसारखी कंपन्यांनी मुदत संपल्यावर काढून टाकलेली यंत्रे मी नव्या स्वस्त प्लास्टिकपेक्षा केव्हाही वर ठेवीन. मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे काही घेऊ नका, कारण त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ला सर्वांसाठी मिळणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. पैसे देण्याआधी दुकानदारासमोर विंडोजचा बॅटरी अहवाल काढा. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात.

मॅकबुक एअरबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण कुणी तरी सुचवेलच. २०२० च्या एम१ प्रोसेसरपासून त्यात पंखाच नाही, १३ इंचीचे वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि कापसाच्या तुसात ते उत्तम टिकेल. अडचण अशी की टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, आणि डिजिटल स्वाक्षरीचा टोकन (विवरणपत्रावर सही करायचे पेनड्राइव्हसारखे साधन) बहुधा जुन्या चौकोनी यूएसबीचा असतो. हीच दुसरी अडचण फक्त टाइप-सी असलेल्या पातळ विंडोज लॅपटॉपमध्येही येते. एक छोटा जोड (अडॅप्टर) बॅगेत कायमचा ठेवला की भागते, पण विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला तो घरी राहिला तर काय होते ते मी पाहिले आहे.

दादाच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. ऑटोकॅड, व्हिडिओ संपादन असे काही तुमच्या कामात पुढे येणार असेल तर हलके यंत्र कमी पडेल आणि त्याने निवडलेलाच प्रकार योग्य ठरेल; यंत्र म्हणून ते वाईट नव्हते, माझा भाचा आज त्यावरच अभियांत्रिकीची ड्रॉइंग करतो. आणि १४ इंची लॅपटॉपला सहसा आकड्यांची वेगळी पट्टी नसते, हा त्याचा आक्षेप खरा आहे. हिशेबाच्या माणसाला ती उणीव पहिल्या दिवशी जाणवते. मी शंभर-सव्वाशे ग्रॅमचा सुटा नंबर पॅड घेतला आहे, जो लागतो तेव्हाच बाहेर काढते.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये पाहायला जाल तेव्हा तुमची रोजची बॅग डबा आणि पाण्याच्या बाटलीसह घेऊन जा. जो लॅपटॉप पसंत पडेल तो चार्जरसकट त्या बॅगेत घालू द्या असे दुकानदाराला सांगा आणि ती खांद्याला अडकवून पंधरा मिनिटे उभे राहून बाकीचे लॅपटॉप पाहत राहा. दुकानदार नको म्हणाला तर पुढचे दुकान चार पावलांवर आहे.