अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या हॉलंड गावचा ट्युलिप उत्सव ही खरी डच परंपरा आहे की पर्यटकांसाठी उभे केलेले दृश्य? मुद्दाम पाहायला जावे का?

हॉलंड गावापासून मोटारीने पाऊण तासाच्या अंतरावर मी अनेक वर्षे राहतो आणि जवळजवळ दर मे महिन्यात हा उत्सव पाहायला जातो. आपल्याला पडलेला प्रश्न पहिल्या वर्षी मलाही पडला होता. हा उत्सव नेदरलँड्समधून जसाच्या तसा आलेला नाही, तो याच गावात घडवला गेला. तरीही त्याला देखावा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्याची कारणे सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

नेदरलँड्समधील अधिकृत चर्चमधून १८३४ मध्ये फुटून निघालेल्या पंथाचे धर्मोपदेशक आल्बर्टस व्हान राल्टे यांनी १८४७ च्या हिवाळ्यात ही वसाहत वसवली. धर्माचरणावरील बंधने आणि बटाट्यावरील रोगाने ओढवलेली उपासमार, या दोन्ही गोष्टींनी त्या लोकांना घराबाहेर काढले होते. पुढे दलदल, जंगल, मलेरिया आणि ऑक्टोबर १८७१ मध्ये गावाचा मोठा भाग जाळून टाकणारी आग, असे सगळे सोसलेल्या त्या पिढ्यांना फुलांचा उत्सव सुचला नाही, यात नवल नाही. तो सुचला स्थापनेनंतर ८० वर्षांनी. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या लिडा रॉजर्स यांनी १९२७ मध्ये गावभर ट्युलिप लावण्याची कल्पना मांडली, १९२८ मध्ये नगर परिषदेने नेदरलँड्सहून एक लाख कंद मागवले आणि १९२९ च्या मे महिन्यात ते फुलले, तेव्हा पाहुण्यांना बोलावण्यात आले. ट्युलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी जमिनीत सुमारे तीन महिने थंडी लागते आणि मिशिगनचा हिवाळा ती भरभरून देतो, त्यामुळे निवड अगदी योग्य ठरली.

उत्सवाचा सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे लाकडी जोडे घालून केले जाणारे सामूहिक नृत्य, आणि त्याचीच गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावते. ज्या १९२८ साली ते एक लाख कंद मागवले गेले, त्याच साली या परिसरात मोठा प्रभाव असलेल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या महासभेने नाटक, पत्ते आणि नृत्य यांविरुद्ध आपल्या सभासदांना बजावले होते. अशा कर्मठ वातावरणात १९३० च्या दशकात शाळेतील मुलींचे नृत्य उभे राहिले आणि पुढे तेच गावाची ओळख बनले. नृत्याची बांधणी इथलीच आहे. जोडे मात्र खरोखरीचे लाकडी असतात आणि ते पायाला लागू नयेत म्हणून मुली आत मोज्यांचे कित्येक थर चढवतात. पोशाखांची तपासणी होते: दागिने आणि नखांचा रंग चालत नाही, केस टोपीखाली झाकलेले लागतात आणि प्रत्येक पोशाख नेदरलँड्सच्या एखाद्या विशिष्ट प्रांताचा किंवा गावाचा असावा लागतो. शेकडो जोड्यांचा डांबरी रस्त्यावरचा तो एकसाथ ठोका दोन चौक अलीकडूनच ऐकू येतो. त्या मुलींनी महिनोन्‌महिने केलेल्या सरावाला मी तरी केवळ देखावा म्हणू शकत नाही.

स्मरणातली निवड मात्र डोळसपणे पाहायला हवी. टोकदार टोपीचा जो पोशाख सगळ्या जगाला डच म्हणून माहीत आहे, तो व्होलेंडामचा, म्हणजे एका कॅथलिक मासेमारी गावाचा. व्हान राल्टे यांचे अनुयायी कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट होते आणि मुख्यतः इतर प्रांतांतून आले होते. ते कोठून आले, हे आजूबाजूच्या गावांना दिलेली मूळ प्रदेशांची नावेच सांगतात: झीलंड, ड्रेंथ, ओव्हरिसेल, ग्राफस्खाप. मला विचाराल तर परंपरेचा हा धागा पोशाखाहून अधिक अस्सल आहे, म्हणून वेळ असल्यास या गावांतूनही एक फेरी मारावी.

मिरवणूक चुकवू नये. ती निघण्यापूर्वी नगराध्यक्ष आणि मान्यवर रस्त्याची पाहणी करतात, रस्ता अस्वच्छ असल्याचे जाहीर होते आणि मग पारंपरिक वेशातील नागरिक खांद्यावरच्या कावडीतून पाण्याच्या बादल्या आणून, लांब दांड्याच्या ब्रशांनी रस्ता घासून काढतात. माझी आई एका वर्षी बरोबर होती; पालखी यायच्या आधी आमच्या गावी अंगणापुढचा रस्ता झाडून सडा घालतात, त्याची तिला तत्काळ आठवण झाली आणि त्यानंतरची सगळी मिरवणूक तिने उभे राहूनच पाहिली. मुलांच्या मिरवणुकीत गावातील शाळांची हजारो मुले डच वेशात चालतात. आज गावाच्या लोकसंख्येत लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांचा वाटा जवळपास एक चतुर्थांश आहे. त्यांच्यातील अनेकांचे आजी-आजोबा शेतमजुरीसाठी येथे आले होते. त्यांची मुलेही तीच टोपी आणि तेच जोडे घालून त्याच रांगेत चालतात. कोणाची मायभूमी कोण मिरवत आहे, हा प्रश्न तिथे उभे असताना माझ्या मनात येतो, पण त्या मुलांच्या चेहऱ्यावर तो कधीच दिसत नाही.

नेदरलँड्समधून १९६४ मध्ये भाग सुटे करून आणलेली आणि येथे पुन्हा उभारलेली ‘दे झ्वान’ ही पवनचक्कीही पाहावी. तिच्यावर आजही पीठ दळले जाते.

जाण्याविषयी एवढेच सांगतो की उत्सवाच्या तारखा आधी ठरतात आणि फुले हवामानाप्रमाणे चालतात, त्यामुळे वसंत लवकर तापला तर उत्सवाच्या वेळी पाकळ्या गळू लागलेल्या असतात. शक्य असल्यास एप्रिलच्या अखेरीस फुलांची खबर घेऊन मगच दिवस ठरवावा, मोटार गावाबाहेर लावून रस्त्याकडेच्या ट्युलिपच्या रांगांमधून पायी फिरावे आणि गरम कपडे बरोबर ठेवावेत, कारण मिशिगन सरोवरावरून येणारा वारा मे महिन्यातही बोचतो.