वाचकांचे प्रश्न : कॅरेट, टेबल, काटा आणि रोलर

या अंकासाठी तोडणीनंतरच्या पॅकिंगवर बरेच प्रश्न आले. त्यातले टोमॅटो आणि भेंडीचे इथे घेतले आहेत.

प्रश्न : चार एकर टोमॅटो आहे. भर तोडणीत दिवसाला ३०० कॅरेट निघतात. टेबलावर बायका हाताने निवडतात, पण गाडी दारात लागते तेव्हा निम्मा माल पडून असतो. पट्टा आणि प्रतवारी यंत्र एकत्र असलेली लाइन घ्यावी का? (जुन्नर तालुका)

उत्तर : आधी हिशेब मांडा. पॅकिंगला पाच तास धरले तर ३०० कॅरेट म्हणजे तासाला ६०, मिनिटाला एक. २० किलोच्या कॅरेटमध्ये ८० ते १०० ग्रॅमची २०० ते २५० फळं बसतात. निवडून भरायला एका बाईला पाच मिनिटं लागत असतील, तर मिनिटाला एक कॅरेट बाहेर पडायला पाच जणींचे हात सतत फळावर हवेत. नेमकं तेच होत नाही. निवडणारीच रिकामं कॅरेट आणते, कागद लावते, भरलेलं काट्यावर नेते. एक दिवस घड्याळ लावून बसा आणि हात फळावर किती वेळ असतो ते मोजा. उचल-ठेव करायला एक गडी वेगळा दिला की पुष्कळ ठिकाणी यंत्राचा विषयच संपतो.

दुसरी गोष्ट टेबलाची. दोन्ही बाजूंनी काम होणार असेल तर रुंदी ९० सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका. हात ४५ सेंटिमीटरपर्यंत आरामात पोचतो, त्यापुढे बाई वाकते आणि फळ ओढून घेते. उंची उभ्या बाईच्या कोपराच्या किंचित खाली, म्हणजे ८५ ते ९० सेंटिमीटर. पत्र्यावर किंवा प्लायवर १० ते १२ मिलिमीटरचा फोम आणि त्यावर ताणून बसवलेलं रेक्झिन. फोम उघडा ठेवला तर फुटलेल्या फळाचा रस पितो आणि दोन दिवसांत कुजका वास मारतो. रेक्झिनच्या पिना खालून मारा. वरून मारलेली एकच सैल पिन दिवसभर फळांना ओरखडे काढते.

कॅरेट जमिनीवर ठेवून त्यात वरून फळ सोडणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. २९ सेंटिमीटर उंचीचं कॅरेट असेल तर टेबलाशेजारी ५५ ते ६० सेंटिमीटर उंचीचा अँगलचा स्टँड करून घ्या, म्हणजे कॅरेटचा काठ टेबलाच्या काठाशी येतो. स्टँडला टेबलाकडे थोडा कल द्या. फळ पडत नाही, घरंगळत जातं. टेबलावर हिरवी शेडनेट असेल तर ती काढा. तिच्या उजेडात रंग फसवा दिसतो आणि नुकतं रंग धरलेलं फळ कच्च्यात जातं. वर पांढऱ्या एलईडी ट्यूब लावा.

आता यंत्र. तुमचा व्यापारी तीन-चार आकारांना वेगवेगळा भाव देत असेल तर यंत्राला अर्थ आहे. मोठा आणि बदला (दुय्यम माल) असे दोनच भाव असतील तर पैसे अडकवू नका. पुढे रुंदावत जाणाऱ्या रोलरचं यंत्र फक्त जाडी मोजतं. गोल वाणाला ते ठीक, पण लांबट वाणाचं वजनदार फळ बारीक फळांच्या खणात पडतं. अशा वाणाला वजनावर चालणारं यंत्र लागतं आणि ते बरंच महाग असतं.

बघायला जाल तेव्हा विक्रेता तासाला किती टन ते सांगेल. तुम्ही टेप काढा आणि फळ किती ठिकाणी, किती उंचीवरून पडतं ते मोजा: हौदातून पट्ट्यावर, पट्ट्यावरून रोलरवर, रोलरमधून घसरणीवर, घसरणीवरून कॅरेटमध्ये. कडक पृष्ठभागावर १५ सेंटिमीटरच्या वरून पडलेलं टोमॅटो बाहेरून साफ दिसतं. मार आत बसलेला असतो. खात्री करायची तर नुकता रंग धरलेली २० फळं खूण करून लाइनमधून सोडा, आणखी २० हाताने बाजूला ठेवा. चार-पाच दिवसांनी दोन्ही आडवी कापा. मार बसलेल्या फळात बियांभोवतीचा गर पिवळट, दाटसर राहतो, नीट पिकत नाही. असा गर जास्त निघाला तर जिथे फळ पडतं तिथे फोमचा पडदा किंवा रबराच्या पट्ट्या लावून द्यायला सांगा. नाही म्हणाले तर उठून या. थ्री फेज मोटरची लाइन असेल तर तुमच्याकडे ती वीज पॅकिंगच्या वेळेत असते का, तेही आधी बघा.

प्रश्न : वाशीला पोचेपर्यंत खालच्या थरातल्या कॅरेटचा माल दबतो, फळाला पाणी सुटतं. कॅरेट नवीन आहेत, तरी असं का? (निफाड तालुका)

उत्तर : कॅरेटवर कॅरेट चढतं तेव्हा वरचं ओझं कोपऱ्यांनी आणि काठांनी पेलायचं असतं. शीग लावून भरलेल्या कॅरेटमध्ये ते ओझं फळावर येतं. पट्टीची परीक्षा सोपी आहे: भरलेल्या कॅरेटवर सपाट पट्टी आडवी ठेवा, ती काठाला टेकली पाहिजे आणि खाली दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. २० किलो त्यात बसत नसतील तर कॅरेट लहान आहे, किंवा फळ मोठं आणि पोकळी जास्त आहे. दाबून बसवणं हा त्यावर उपाय नाही. १८ किलो भरा आणि सौदा वजनावर करा.

उलट टोकही वाईट. सैल भरलेलं कॅरेट रस्त्यात खडखडतं, फळ फळावर घासतं आणि सालीवर चट्टे येतात. म्हणून अर्धं भरल्यावर एकदा आणि भरून झाल्यावर एकदा कॅरेट फोमच्या तुकड्यावर हलकं हलवून माल बसू द्या, मग वरची जागा भरा.

नवीन कॅरेटचा एक दोष बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकची धारदार कड जाळीच्या आतल्या भोकांना राहते. बोट फिरवून बघा, खरचटलं तर फळालाही खरचटणार. पॉलिश पेपरने किंवा बोथट सुरीने कड काढा. तळाला आणि बाजूंना कोरा न्यूजप्रिंट कागद किंवा पातळ फोमशीट लावा. छापील रद्दी टाळा. शाईमुळे खाद्यपदार्थ छापील वर्तमानपत्रात बांधू नयेत असं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ मध्येच सांगितलं आहे.

गाडीत एकाच मापाची कॅरेट एकावर एक सरळ रचा. दोन कंपन्यांची कॅरेट मिसळली की वरच्याचा पाय खालच्याच्या काठात बसत नाही, आत घसरतो. मागच्या चाकांच्या मागे गाडी सगळ्यात जास्त उसळते, तिथे जास्त पिकलेला माल ठेवू नका.

प्रश्न : शेडपासून गाडीपर्यंत रोलरचा उतार केला आहे. कधी कॅरेट मध्येच अडकतं, कधी इतक्या जोरात येतं की खाली आदळतं. (सातारा जिल्हा)

उत्तर : दोन्ही तक्रारी एकाच रोलरवर येतात, कारण रिकामं, अर्धं आणि भरलेलं कॅरेट एकाच उतारावरून वेगवेगळ्या वेगाने जातं. उतार भरलेल्या कॅरेटवर ठरवा. मीटरला तीन सेंटिमीटरपासून सुरुवात करा, कॅरेट थांबलं तर अर्धा-अर्धा सेंटिमीटर वाढवा. रिकामी कॅरेट त्यावरून सोडूच नका.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा रोलरमधलं अंतर असतं. कॅरेटखाली कुठल्याही क्षणी किमान तीन रोलर हवेत. ५४ सेंटिमीटर लांबीचं कॅरेट लांबीने जात असेल तर दोन रोलरच्या मध्यापासून मध्यापर्यंत १८ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही, १५ ठेवा. तेच कॅरेट ३६ सेंटिमीटरच्या बाजूने सोडलं तर १२ च्या आत. लांबीनेच सोडा. छोट्या चाकांच्या पट्ट्या खोक्यांसाठी बऱ्या, जाळीच्या तळाच्या कॅरेटला नकोत, कारण चाक जाळीत रुततं.

लांबी पाच-सहा मीटरच्या पुढे गेली तर मध्ये मीटरभराचा जवळपास सपाट तुकडा द्या, वेग तिथे मरतो. शेवटी लाकडी ठोकळा आणि त्यावर जुन्या टायरचा तुकडा. रोलरच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये माती जाते, म्हणून दिवसाअखेर प्रत्येक रोलर बोटाने फिरवून बघा. न फिरणारा एक रोलर ब्रेकसारखं काम करतो आणि मग लोक उगाच उतार वाढवत बसतात.

प्रश्न : आमच्या काट्यावर २० किलो भरतं, बाजारात प्रत्येक कॅरेटमागे तूट दाखवतात. (नारायणगाव परिसर)

उत्तर : तूट नेमकी कुणीकडून आहे हे कळल्याशिवाय अडत्याशी भांडू नका. आधी धडा, म्हणजे रिकाम्या कॅरेटचं धरलेलं वजन, तपासा. रिकामी दहा कॅरेट वेगवेगळी तोला. धुतलेलं ओलं, मातीचं आणि सुकं कॅरेट यांच्या वजनात फरक येतो, आणि तुम्ही सकाळी एकाच कॅरेटवर टेअर दाबून दिवसभर तेच धरता. कॅरेट धुऊन सुकवून वापरली की ही अडचण निम्मी होते. पावसात तोडलेल्या ओल्या फळाचं पाणी रस्त्यात वाळतं, तीही तूटच.

मग काटा. काटा सपाट आहे की नाही ते दाखवणारा पाण्याचा बुडबुडा मध्यावर आहे का? ताटाखाली सुकलेल्या टोमॅटोचा थर आहे का? कॅरेट मागच्या खांबाला टेकतं का? पंख्याचा वारा थेट ताटावर येतो का? शिक्का असलेली २० किलोची वजनं मधोमध ठेवून वाचन घ्या, नंतर चारही कोपऱ्यांवर. कोपऱ्यावरचं वाचन वेगळं आलं तर लोडसेल (ताटाखालचा वजन मोजणारा भाग) दुखावलेला आहे. हे बहुतेक वेळा कॅरेट ताटावर आपटण्याने होतं. म्हणून ३० किलोऐवजी ५०-६० किलो क्षमतेचा प्लॅटफॉर्म काटा घ्या आणि कॅरेट त्यावर टाकायला नाही, ठेवायला शिकवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी आणि शिक्का लागतो. शिक्का नसेल तर वादात तुमचं वजन कुणी धरत नाही.

प्रश्न : कॅरेट धुताना ब्लीच किती घालायचं? त्याच पाण्यात टोमॅटो बुडवले तर चालतील का? (संगमनेर तालुका)

उत्तर : आधी माती. मातीच्या पाण्यात क्लोरीन मातीशीच लढून संपतं. ब्रश आणि प्रेशर पंपाने कोपरे, तळाची जाळी आणि हात घालायच्या खाचा साफ करा. मऊकुजीचे जिवाणू तिथेच राहतात. टोमॅटोच्या मोझॅकसारखे काही विषाणूही हाताला आणि कॅरेटला लागलेल्या रसातून पसरतात.

मग २०० पीपीएमचं (दहा लाख भागांत २०० भाग क्लोरीन) द्रावण. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव ब्लीच, १० टक्क्यांचं असेल तर १०० लिटर पाण्याला २०० मिलिलिटर, ५ टक्क्यांचं असेल तर ४००. कॅरेट दोन ते पाच मिनिटं बुडालेलं राहू द्या आणि उलटं करून सुकवा. उन्हात ठेवलेला किंवा जुना कॅन लेबलवरची ताकद देत नाही, म्हणून क्लोरीनची पट्टी बुडवून बघा. पाण्याचा सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातमध्ये असावा, त्यावर क्लोरीन मंदावतं. सामू उतरवायला संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद शेडमध्ये जीव जाऊ शकतो.

त्या पाण्यात टोमॅटो बुडवायचे नाहीत. दुपारी तोडलेलं फळ तापलेलं असतं, बोअरचं पाणी गार. गार पाण्यात पडताच फळातली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून पाणी जंतूंसह आत ओढलं जातं. कुज तीन-चार दिवसांनी आतून दिसते. धुणं अटळच असेल तर फळ आधी सावलीत निववा, पाणी फळाच्या गरापेक्षा सुमारे ५ अंश कोमट ठेवा, स्वच्छ पाण्यात क्लोरीन १०० ते १५० पीपीएम ठेवा आणि नंतर फळ पूर्ण सुकवा. बहुतेकांनी कोरड्या फडक्याने पुसूनच भरावं.

प्रश्न : निर्यातीची भेंडी खोक्यात भरली की दुसऱ्या दिवशी कडा काळ्या पडतात आणि खोकं ओलं होतं. (बारामती तालुका)

उत्तर : काळी कड म्हणजे बहुतेक वेळा हाताचा मार. भेंडीची शिर घासली की तिथेच काळं पडतं. खुडणाऱ्यांना सुती हातमोजे द्या, नखं कापलेली हवीत, आणि खुडलेली भेंडी खोल बादलीत न टाकता उथळ ट्रेमध्ये ठेवा. धुऊ नका.

खोकं ओलं होतं ते गरम भेंडी भरल्यामुळे. शेतातली भेंडी थेट खोक्यात भरून शीतगृहात ठेवली की तिचाच बाष्प आतल्या कागदावर साचतो. क्रम उलटा करा: उघड्या ट्रेमध्ये आधी थंड करा, मग थंड खोलीतच भरा. नुसत्या शीतगृहात ठेवलेला ढीग आतून फार हळू निवतो. पंख्याने ट्रेच्या भोकांतून हवा ओढणारं प्रीकूलिंग लागतं आणि त्यासाठी ट्रेची भोकं समोरासमोर आली पाहिजेत. तापमान ८ ते १० अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. ७ च्या खाली उतरलात तर भेंडीला खड्डे पडतात, म्हणून जास्त गार म्हणजे जास्त टिकाऊ हा हिशेब इथे लागू नाही.

खोक्याची भोकं चिकटपट्टीने बुजली आहेत का तेही बघा, हे सर्रास होतं. रचताना खोक्याचा कोपरा खोक्याच्या कोपऱ्यावर आला पाहिजे. विटांसारखी सांधे मोडून रचलेली खोकी टिकत नाहीत, कारण पुठ्ठ्याचं बळ कोपऱ्यांत असतं आणि ओलसर हवेत ते आणखी कमी होतं. १२० बाय १०० सेंटिमीटरच्या पॅलेटवर ६० बाय ४० ची पाच खोकी एका थरात बसतात, दोन एका दिशेने आणि तीन आडवी. सगळे थर त्याच दिशेने लावा. वरच्या थरात दिशा बदलली की कोपरे सुटतात.