जुना ट्रॅक्टर तेल गरम झाल्यावर नांगर उचलत नाही आणि इंजिन बंद केल्यावर नांगर खाली बसतो. पंप बदलावा का?

आपल्या प्रश्नातील लक्षणे अशी आहेत: मॅसी फर्ग्युसन 1035, वीस-पंचवीस वर्षे जुना, मागे दोन फाळी पल्टी नांगर. सकाळी लिफ्ट (नांगर उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) व्यवस्थित चालते, दुपारी अर्ध्यावर अडखळते, आणि उचललेला नांगर इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांत जमिनीला टेकतो. मिस्त्रींनी पंप बदलायला सांगितले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की पंप इतक्यात बदलू नये. निफाड भागात याच जातीचा ट्रॅक्टर मी बरीच वर्षे वापरतो आहे आणि हाच खर्च एकदा विनाकारण करून बसलो आहे.

ट्रॅक्टर नांगर उचलत नाही की उचललेला धरत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नांगर उचलला जात नसेल पण उचललेला रात्रभर जवळपास जागेवर राहत असेल, तर संशय पंपावर, त्याच्या गाळणीवर किंवा तेलाच्या पातळीवर जातो. याउलट इंजिन बंद असताना नांगर झपाट्याने खाली येत असेल, तर पंप त्या वेळी काहीच करत नसल्यामुळे एकट्या त्याच्या उचलण्याच्या ताकदीला दोष देता येत नाही. पुढे गेलेले दाबाखालचे तेल कुठून तरी परत हौदात उतरते आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपली दोन्ही लक्षणे एकाच गळतीची असू शकतात, कारण थंड असताना घट्ट असलेले तेल ज्या फटीतून जेमतेम झिरपते, त्याच फटीतून गरम होऊन पातळ झाल्यावर धावू लागते, आणि पंप जेवढे पुढे ढकलतो त्यातले बरेचसे मागे येते.

ही रचना समजून घेतली तर गळतीची ठिकाणे फारशी उरत नाहीत. हॅरी फर्ग्युसन यांच्या 1930च्या दशकातील पद्धतीचा वारसा सांगणाऱ्या या ट्रॅक्टरांत चार पिस्टनचा पंप मधल्या हाऊसिंगमध्ये गिअरच्याच तेलात बुडालेला असतो आणि त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे तेलाची वाट उघडणारी-बंद करणारी झडप, तेल ओढण्याच्या बाजूला असतो, त्यामुळे गरज नसताना पंप तेल ढकलतच नाही. पंपातून निघालेले तेल एका उभ्या नळीतून वर, सीटखालच्या टॉप कव्हरमधल्या सिलिंडरकडे जाते. त्या नळीच्या दोन्ही टोकांना रबरी ओ-रिंग असतात. सिलिंडरच्या पिस्टनचे सील, ती नळी, सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढल्यास उघडणारी झडप) आणि पंपातला कंट्रोल व्हॉल्व्ह, एवढीच मुख्य ठिकाणे तपासायची असतात. इंजिन चालू असताना उचललेला नांगर एका जागी न राहता डुलक्या घेत असेल, म्हणजे बोटभर खाली येऊन पुन्हा वर जात असेल, तर गळती आहे आणि व्हॉल्व्ह ती भरून काढण्यासाठी सारखा उघडतो आहे, असे समजावे.

काहीही खोलण्याआधी लिव्हर बघावेत. हसण्यासारखी गोष्ट वाटेल, पण ड्राफ्टचा (मातीच्या ओढीनुसार खोली राखणारा) लिव्हर खाली राहिला तर पोझिशनचा (नांगराची उंची ठरवणारा) लिव्हर कितीही वर घेतला तरी नांगर उचलला जात नाही, आणि नव्या ड्रायव्हरच्या हातून हे हमखास घडते. त्यानंतर तेल मोजण्याच्या पट्टीवरची पातळी सपाट जागी तपासावी आणि तेल हातावर घेऊन पाहावे. ते दुधाळ दिसत असेल तर पाणी शिरले आहे. शंका असल्यास जुन्या तव्यावर एकच थेंब टाकून तवा हलका गरम करावा. पाणी असेल तर तो तडतडतो. कमी पडले म्हणून हाताला लागेल ते तेल ओतण्याची आपल्याकडची सवय या ट्रॅक्टरांना विशेष बाधते, कारण गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक या तिघांचे तेल एकच असते. मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच तेल घालावे.

माझ्या बाबतीत घडले ते असे. लक्षणे हुबेहूब आपल्यासारखी होती. तालुक्याच्या गावातील एका मिस्त्रींनी पंप काढला, दुरुस्ती संच टाकला, तेलही नवे भरले, आणि पहिल्या दिवशी थंड तेलावर लिफ्ट झकास चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी नांगर पुन्हा सरीत बसला. मग आम्ही तेल थोडे काढून त्याची पातळी बाजूच्या झाकणपट्टीच्या खाली आणली, झाकण सोडवले, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून नांगर उचलला, इंजिन बंद केले आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिले. सिलिंडरच्या तोंडाशी जेमतेम ओल होती, पण उभ्या नळीच्या बुडाशी तेलाची करंगळीएवढी धार लागली होती. नळीच्या वरच्या टोकावरची ट्रान्सफर प्लेट सोडवून नळी उपसली, तेव्हा खालची ओ-रिंग काचेसारखी कडक होऊन एका बाजूला तुटलेली निघाली. ती काही रुपयांची वस्तू होती आणि पंपाच्या कामाला मी हजारो घालवले होते. त्या मिस्त्रींचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी नांगर उचलून, इंजिन बंद करून पाहिलेच नव्हते, एवढेच.

आपणही ही पाहणी करावी, मात्र तीन पथ्ये पाळून. झाकण उघडे असताना इंजिन चालू असेल तर आत शाफ्ट फिरत असतो, म्हणून हात, उपरणे किंवा सैल बाही त्याच्या जवळ नेऊ नये. तसेच उचललेल्या नांगराखाली, लाकडी ठोकळ्यांचा आधार दिल्याशिवाय, कोणीही जाऊ नये. दाबाखालची बारीक धार बोटाने चाचपणेही टाळावे, कारण ती कातडीत शिरते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

धार नळीशी दिसली तर दोन्ही ओ-रिंग बदलाव्यात आणि बसवताना त्यांना तेल लावावे, नाहीतर नळी खाली दाबताना नवी रिंगच कापली जाते. तेल सिलिंडरच्या तोंडातून येत असेल तर टॉप कव्हर उतरवून पिस्टनचे सील पाहणे आले; त्या कामाला चेन-पुली आणि दोन माणसे हवीत. दोन्ही कोरडे असतील आणि तरीही नांगर बसत असेल, तर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि कंट्रोल व्हॉल्व्ह उरतात, आणि तेथे प्रेशर गेज लावू शकणारा मिस्त्रीच हवा. गरम तेलावर गेजमध्ये मॅन्युअलमधला दाब येत नसेल आणि गळती कुठेच सापडत नसेल, तर मग पंप काढावा.

जोडणी झाल्यावर तेल भरून रिकामी लिफ्ट दहा-पंधरा वेळा वर-खाली करावी म्हणजे अडकलेली हवा निघून जाते, आणि नंतर पातळी पुन्हा पाहावी. ती हमखास उतरलेली असते. खात्री मात्र सकाळी करू नये. दोन-तीन तास नांगरट झाल्यावर नांगर उचलून इंजिन बंद करावे, फाळाच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि जेवण करून येऊन पुन्हा मोजावे. चार बोटे उतरला असेल तर इतक्या जुन्या ट्रॅक्टरला ते मी चालवून घेतो.