'बाराला सूर्य डोक्यावर': सातवीसाठी एक प्रश्न, आठ-दहा दिवस

ताई, सातवीत पन्नास मुलं, 35 मिनिटांची तासिका, त्यात शोधातून शिकणं बसवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. एका तासिकेत बसवूच नका. एकच प्रश्न घ्या आणि तो आठ-दहा दिवस चालू द्या.

नियोजनाचा निम्मा वेळ प्रश्न निवडण्यात जाऊ दे. ज्याचं उत्तर गाईडमध्ये सापडतं, तो बाद. माझा आवडता प्रश्न: आपल्या मैदानावर सावली सगळ्यात लहान किती वाजता होते? अख्खा वर्ग एका सुरात 'बारा!' म्हणेल. ते वहीत लिहून घ्या, नंतर खोडायचं नाही.

मग मैदानात मीटरभर काठी रोवा, ओळंब्याने सरळ करून. पावणेबारा ते सव्वा (1:15), दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खिळा. गट पाळीपाळीने. मधली सुट्टी यातच येते, तेव्हा मुख्याध्यापकांच्या कानावर आधीच घाला.

तुमच्यापुरतं सांगते: पुण्यात ही वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:18 च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला 12:49 च्या. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, पुणे त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला, अंशामागे 4 मिनिटं. वर ऋतूप्रमाणे पाव तासापर्यंत मागेपुढे. वर्गात मात्र यातलं काही बोलू नका.

कारण खरी मजा पुढे आहे. गटांची उत्तरं जुळणार नाहीत. एक म्हणेल 12:20, दुसरा 12:40, आणि भांडण लागेल. मध्यान्हाजवळ दहा मिनिटांत सावली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बदलते. टोक त्याहून जास्त धूसर असतं. इथे बहुतेक शिक्षक 'बरोबर' वेळ सांगून मोकळे होतात आणि सगळं मुसळ केरात. त्याऐवजी विचारा: सावली भराभर बदलते तेव्हा मोजलं तर? कुणाला सुचलं नाही तर काठीभोवती दोरीने वर्तुळ काढा, त्रिज्या काठीएवढी. टोक वर्तुळाला सकाळी एकदा टेकतं, दुपारी एकदा. दोन्ही वेळांचा मध्य काढला की भांडण मिटतं. ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिमही हाती लागते, ते फुकटात!

या वादाला दोन तासिका राखून ठेवा, प्रयोगाला एक पुरते.

गुणांचं म्हणाल तर आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात नोंदी आणि कारणं तपासा, आलेली वेळ नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात (1972 ते 2002) परीक्षेलासुद्धा पुस्तक उघडं ठेवू देत.

कुणाचा मामा नागपूरला असेल तर त्याच दिवशी त्यालाही काठी रोवायला लावा. पुण्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी का, हा पुढचा प्रश्न मुलंच काढतील. पावसाळ्यात मात्र याच्या वाटेला जाऊ नका, ढगांपायी निम्म्या नोंदी हुकतात. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच घ्या.