बारावी झालेल्या मुलाची कॉलेजसाठी डिजिटल तयारी कशी करून घ्यावी?

लॅपटॉपची घाई नको. आधी त्याचा स्वतःचा ईमेल काढा. ओटीपी मामाच्या फोनवर जाणारा नको. डिजीलॉकरमध्ये दहावी-बारावीच्या गुणपत्रिका घ्या आणि एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढा. अभ्यासाचे क्रेडिट म्हणजे श्रेयांक जमा होणाऱ्या, २०२१ मध्ये सुरू झालेल्या या खात्याचा १२ अंकी नंबर आता बहुतेक कॉलेजं मागतात. आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय ना, आत्ताच बघा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. माझ्या भाचीचे दोन दिवस त्यातच गेले.

मुलं रील झपाझप बनवतात, पण एक्सेलमध्ये साधी बेरीज लावताना अडतात. सुट्टीत घरखर्चाचा हिशोब त्यालाच ठेवायला सांगा. शिवाय 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एखादा मोफत कोर्स शेवटच्या असाइनमेंटपर्यंत करू दे. कुणी मागे न लागता अभ्यास होतो का, ते तिथे कळतं.