लुडोत लागोपाठ तीन सहा पडले तर काय, आणि हा खेळ मुळात कुठला?

तिसरा सहा पडला की डाव बाद, पाळी पुढच्याकडे. एक सहा पडला की सोंगटी घरातनं बाहेर काढता येते किंवा आधीची सहा घरं पुढे नेता येते, वर अजून एकदा फासा टाकायला मिळतो. शेवटी मात्र नेमका आकडाच लागतो, दोन घरं उरलीत आणि पाच पडले तर ती सोंगटी जागची हलत नाही, खरी मजा तिथेच आहे!

खेळ आपलाच, पचिसी. तिथे फाशाऐवजी कवड्या टाकतात आणि एका फेकीत पंचवीसचं दान पडू शकतं म्हणून हे नाव. फतेहपूर सिक्रीच्या अंगणात दगडी फरशीत आखलेला पचिसीचा पट अजून बघायला मिळतो. इंग्रजांनी तोच खेळ सोपा करून १९व्या शतकाच्या शेवटी लुडो म्हणून आणला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी खेळतो’.