स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखम पसरतच चालली आहे, आता ‘पायोडर्मा गँग्रिनोसम’ म्हणतात. व्रण किती दिवसांत जातील?

व्रणांचं नंतर बघू. जखम साफ करायला पुन्हा थिएटरमध्ये नेणार असतील, तर आधी ते थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञाला बोलवायला लावा. पायोडर्मा गँग्रिनोसम हा जंतुसंसर्ग नाही, शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने पेटवलेला त्वचेचा दाह आहे. या आजाराला सुरी म्हणजे खतपाणी. त्वचेला इजा होईल तिथे जखम वाढते, यालाच पॅथर्जी म्हणतात. काळा पडलेला भाग कापला, कडा पुढे सरकली, म्हणून आणखी कापलं, हे चक्र मला अजिबात पटत नाही.

ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, उसवलेले टाके यामुळे सर्जनला जंतुसंसर्ग वाटणं साहजिक आहे. पण कल्चर (जखमेतले जंतू शोधणारी तपासणी) पुन्हा पुन्हा कोरं येतंय, अँटिबायोटिक बदलूनही ताप हटत नाही, कडा जांभळट आणि आतून पोखरलेली आहे, दुखणं जखमेच्या मानाने फारच जास्त आहे, दोन्ही बाजूंना एकदमच सुरू झालं आणि निपल मात्र शाबूत आहे, इतकं दिसत असताना पुन्हा कापणं हा निव्वळ हट्ट. बायोप्सी मात्र हवीच, तीही कडेची. एक तुकडा पॅथॉलॉजीला, एक कल्चरला. तेवढ्या छेदाचा धोका पत्करावा.

औषध म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, साधारण ०.५ ते १ मिलिग्रॅम दर किलो वजनामागे, रोज. नाहीतर सायक्लोस्पोरिन, हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. ब्रिटनमधल्या ‘स्टॉप गॅप’ चाचणीत (२०१५, १२१ रुग्ण) दोन्ही सारखीच ठरली: सहा महिन्यांत निम्म्याहून थोड्या कमी जणांच्या जखमा भरल्या. त्यामुळे दिवस मोजू नका. आधी ताप आणि दुखणं उतरतं, मग कडेचं पसरणं थांबतं, भरणं शेवटी. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम सोडली की आजार उलटतो. ड्रेसिंग न चिकटणारं हवं. सुकलेला गॉज ओढून काढणं म्हणजे रोजची नवी इजा.

आतड्याचा दाह, संधिवात, रक्ताचे आजार या आजारासोबत असू शकतात, म्हणून त्यांच्या तपासण्या करून घ्या. इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनची वेळ आली तर त्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासलेच पाहिजेत.

व्रण पूर्ण जात नाहीत. पातळ, जाळीदार खूण राहते. ती सुधारायची शस्त्रक्रिया आजार बराच काळ शांत राहिल्यावरच, आणि तीही औषधाच्या संरक्षणात.

एक अपवाद सांगायला हवा. रक्तदाब कोसळतोय, त्वचेखाली हवा कुरकुरतेय, तासातासाला प्रकृती ढासळतेय, तर तो नेक्रोटायझिंग फॅसायटिस, म्हणजे त्वचेखालचे थर झपाट्याने कुजवणारा जंतुसंसर्ग, असू शकतो. तिथे सर्जन सुरी उचलेल तर त्याला अडवू नका.